लाल बॉर्डर, पस्तीस वर्षांनी

परवा भाचा लंडनहून आला आणि माझ्यापुढे एक खोकं ठेवलं. "मामा, तुझ्या लहानपणीचा कॉम्प्युटर!" आत 'द स्पेक्ट्रम'. क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या १९८२ च्या झेडएक्स स्पेक्ट्रमची नवी नक्कल, रेट्रो गेम्सनं नोव्हेंबर २०२४ मध्ये काढलेली. तीच रबरी बटणं, कोपऱ्यात तोच रंगीत पट्टा. पोटात मात्र मूळ मशीनचा मेंदू, साडेतीन मेगाहर्ट्झची झेड ८० चिप नाही, तिचं सोंग आणणारं सॉफ्टवेअर आहे.

लहानपणीचा म्हणे! आमचा असा नव्हताच. मुंबईच्या मामांनी सेकंडहँड पाठवलेला तो डीबी स्पेक्ट्रम प्लस, डेसिबल्स इलेक्ट्रॉनिक्सनं परवाना घेऊन भारतात आणलेला, कडक प्लास्टिकच्या बटणांचा. मेमरी ४८ केबी. आज व्हॉट्सअ‍ॅपवरचं गुड मॉर्निंगचं एक फूल मावणार नाही त्यात.

धुळ्यात, पाचव्या गल्लीत, एप्रिल-मेमध्ये पत्र्याखाली बसून आम्ही तो चालवायचो. खेळ कॅसेटवर असायचे, म्हणून काकांचा भजनांचा टेपरेकॉर्डर लागायचा. 'J' चं बटण दाबलं की स्क्रीनवर आख्खा 'लोड' शब्द उमटायचा, मग दोनदा अवतरणचिन्ह, एंटर, आणि कॅसेट चालू. पाचेक मिनिटं नुसती किंकाळी. चौघं जण श्वास रोखून. शेवटी बहुतेक वेळा 'आर टेप लोडिंग एरर'. मग बारीक स्क्रू ड्रायव्हरनं टेपरेकॉर्डरच्या हेडचा स्क्रू केसभर फिरवायचा, रिवाइंड, पुन्हा पहिल्यापासून. आणि एकदा जमत आलं की लाइट जायची. (रविवारी सकाळी तर नावच काढायचं नाही. मालिकेसाठी अर्धी गल्ली आमच्या टीव्हीसमोर.)

म्हणून 'काय ते दिवस होते' असं कुणी लिहिलं की मला हसू येतं. भो, वैताग होता तो निव्वळ! नव्या खोक्यात ४८ खेळ आधीच भरलेत, एचडीएमआय लावा, खेळा, मेलात तर काही सेकंद मागे जा. मजा आली, नाही म्हणत नाही. पण त्या ४८ मधले मी दोनच ओळखले. बाकीच्या आठवणी इंग्लंडमधल्या पोरांच्या. मी उगाच दुसऱ्याच्या लग्नाचा अल्बम चाळल्यासारखा बघत बसलो.

मग खेळ बंद केले आणि बेसिक, म्हणजे या मशीनला आज्ञा द्यायची भाषा, उघडलं. पांढरी स्क्रीन, खाली एक ओळ. बोटं आपोआप 'B' च्या बटणावर गेली: बॉर्डर. पुढे २. एंटर.

टीव्हीची कड लालभडक झाली.

मी बघतच राहिलो. ही आज्ञा मी शेकडो वेळा दिली असेल. पण आमचा टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट. मला बॉर्डर २ म्हणजे गडद राखाडी, ४ म्हणजे जरा उजळ राखाडी, ६ म्हणजे जवळजवळ पांढरा. शून्य ते सात, सगळे रंग मला राखाडीच्या पायऱ्यांनी पाठ होते. आठ बाय आठच्या चौकोनात दोनच रंग मावतात म्हणून या मशीनवर रंग एकमेकांत सांडतात, त्याला लोक हसतात. ते सांडणंही आम्हाला कधी धड दिसलं नव्हतं.

त्यामुळे या नकलांबद्दल माझं मत जरा वेगळं झालंय. जुनं परत मिळतं म्हणून त्या घ्याव्यात असं नाही. माझं मशीन होतं कसं, ते मला पन्नाशीत कळलं, आणि तेही नकलेमुळे. फक्त ती सुरू होताच खेळांचा मेनू समोर येतो, ते मला पटत नाही. आधी ती कोरी पांढरी स्क्रीन यायला हवी होती.

रात्री अकरापर्यंत मी रंग बदलत बसलो होतो. ३, किरमिजी. ५, आकाशी. आई पाणी प्यायला उठली, दारातूनच टीव्हीकडे बघत म्हणाली, "हाई काय शे रे? टीव्ही बिघडना का?"

१९९० साली पण हेच म्हणाली होती.