पडद्यावरच्या पडद्याचे तज्ज्ञ कसे व्हावे

डोळ्याच्या पडद्याचे, म्हणजे दृष्टिपटलाच्या प्रतिमांचे, तज्ज्ञ होण्याची उमेद बाळगणाऱ्या वाचकांसाठी हे चार शब्द लिहीत आहे. माझी पात्रता एवढीच की गेल्या महिन्यात मी त्या यंत्रापुढच्या स्टुलावर बसले होते. हनुवटी टेकवून, कपाळ पट्टीला लावून, हिरव्या फुलीकडे पाहत आणि पापणी न मिटण्याची पराकाष्ठा करत.

सर्वप्रथम, डोळ्याचा पडदा नेहमी संगणकाच्या पडद्यावरच पाहावा. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झने १८५१ साली डोळ्याच्या आत डोकावण्याचे उपकरण जगापुढे मांडले खरे, पण त्यात एक मोठीच गैरसोय होती. रोग्याच्या चेहऱ्याच्या इतके जवळ जावे लागे की त्याचा श्वास ऐकू येई, आणि इतक्या जवळ आलेल्या माणसाला रोगी काहीबाही विचारतोच. १९९१ साली ओसीटीचे, म्हणजे प्रकाशाने पडद्याचा थराथरांचा छेद दाखवणारे, तंत्र प्रसिद्ध झाले आणि हा प्रश्न हळूहळू मिटला. आता प्रकाशाची शलाका आत जाते, निरनिराळ्या थरांवरून परतते, तुलनेसाठी वेगळ्या काढलेल्या किरणाशी तिचा मेळ घालून जेमतेम पाव मिलिमीटर जाडीच्या पडद्याचे थर काही मायक्रॉनच्या बारकाईने उलगडून दाखवले जातात, आणि या साऱ्या सोहळ्यात रोग्याचे तोंड कुठेही मध्ये येत नाही.

बाहुली मोठी करण्याचे थेंब घालून जवळचे अक्षर पुरते पुसट झाले, की मग संमतिपत्र वाचायला द्यावे.

संशोधनाकडे वळायचे असेल, तर रक्तवाहिन्या शोधणारी संगणकप्रणाली लिहावी आणि तिची परीक्षा २००४ सालच्या ‘ड्राइव्ह’ या पडद्याच्या छायाचित्रांच्या संचावर घ्यावी. त्यात ४० छायाचित्रे आहेत, त्यांतली २० शिकवण्यासाठी आणि २० परीक्षेसाठी. या विसांवर जग जिंकता येते. एकविसाव्या डोळ्याची काळजी एकविसाव्याने करावी.

अहवाल हातात देताना शक्यतो बोलू नये, कारण रंग बोलतात. ओसीटीच्या अहवालात दृष्टिचेतेभोवतीच्या, म्हणजे डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या नसेभोवतीच्या, मज्जातंतूंच्या थराची जाडी घड्याळाच्या आकड्यांप्रमाणे बारा भागांत मांडलेली असते, आणि प्रत्येक भागाला हिरवा, पिवळा किंवा लाल रंग दिलेला असतो. माझ्या उजव्या डोळ्याचे तीन भाग लाल होते. समोरच्या तज्ज्ञांनी पडद्यावरून नजर न हलवता ‘काचबिंदू दिसतोय’ असे जाहीर केले, थेंबांची चिठ्ठी सरकवली, आणि मी खुर्चीतून उठायच्या आत बाहेर पुढचे नाव पुकारले गेले. त्यानंतरचे अकरा दिवस मी रात्री एकेक डोळा झाकून दिव्याभोवतीचा अंधार मोजत होते. लाल रंगाचा अर्थ त्या खोलीत कुणी सांगितला नाही, तो मला दुसऱ्या डॉक्टरांकडे जाऊन कळला. तुलनेसाठी निवडलेल्या त्याच वयाच्या निरोगी माणसांपैकी ज्या शेकडा एकाचा थर सर्वांत पातळ, त्याच्याइतका किंवा त्याहूनही पातळ थर म्हणजे लाल. म्हणजे शंभर निरोगी माणसांपैकी एकाला हा रंग व्याख्येनेच मिळतो, आणि तोही एका भागापुरता; भाग तर बारा आहेत! शिवाय तुलनेच्या त्या संचांत अनेकदा काही शेच माणसे असतात आणि मोठ्या मायनस नंबरचे डोळे त्यांत फार थोडे असतात किंवा मुद्दामच वगळलेले असतात. माझा नंबर मायनस आठ आहे. असा डोळा नेहमीच्या साधारण २४ मिलिमीटरपेक्षा बराच लांब असतो, त्यात हा थर ताणून पातळ भासतो आणि मज्जातंतूंचे जाड जुडगे आपल्या ठरलेल्या जागेवरून सरकलेले असतात, त्यामुळे निरोगी डोळाही नकाशाबाहेर पडतो. या घोटाळ्याला तुमच्याच क्षेत्रात ‘रेड डिसीज’ असे नाव आहे, म्हणजे डोळ्याला न होता कागदाला होणारा आजार. नाव ठेवण्याइतका तो तुमच्या परिचयाचा आहे! आणि माझा चष्मा त्या वेळी तज्ज्ञांच्याच टेबलावर, त्यांच्या कोपरापाशी, पडलेला होता. त्याच्या काचेची जाडी पाहायला कोणतेही यंत्र लागले नसते.

याच अहवालाच्या वरच्या कोपऱ्यात माझे जन्मसाल १९७९ ऐवजी १९९७ छापलेले होते. वयानुसार हा थर पातळ होतो, त्यामुळे यंत्राने माझी तुलना माझ्याहून अठरा वर्षांनी लहान असलेल्यांशी केली आणि मला नापास केले. पडद्याच्या नुसत्या छायाचित्रावरून संगणक माणसाचे वय सरासरी सव्वातीन वर्षांच्या फरकाने ओळखतो, असे २०१८ साली प्रसिद्ध झाले आहे. तज्ज्ञांच्या दालनात तो फरक अठरा वर्षांचा होता, आणि तिथे तर मला विचारण्याचीही सोय होती.

प्रतिमेच्या गुणवत्तेचा आकडा अहवालावर असतो. तो शोभेसाठी असतो.

आता सल्ला पुरे. माझा अहवाल वाचणाऱ्या तज्ज्ञांनो, तुम्ही कामचुकारपणा केलात, एवढेच खरे तर मला म्हणायचे आहे. डोळ्यातला दाब मोजला नाहीत, दृष्टिक्षेत्राची चाचणी केली नाहीत, नंबर विचारला नाहीत आणि जन्मतारीख ताडून पाहिली नाहीत. एका रंगीत कागदावरून जन्मभर घालायचे थेंब लिहून मोकळे झालात. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही, आणि तो बराच काळ काही जाणवूही देत नाही, म्हणून ही तपासणी हवीच आहे. मी तिच्या विरोधात नाही आणि यंत्राच्या तर मुळीच नाही. यंत्राने त्याचे काम चोख केले. त्याला जे साल सांगितले त्या सालाशी त्याने हिशेब केला. चूक तुमची होती, आणि तिची किंमत नुसती माझी अकरा दिवसांची झोप नव्हे. एकदा असा फुकटचा लाल रंग पाहून विटलेला माणूस खऱ्या आजाराच्या वेळी तुमच्याकडे फिरकणार नाही, आणि त्याची नजर जाईल तेव्हा तुम्ही त्याने वेळेवर तपासणी केली नाही म्हणून त्यालाच बोल लावाल.

दुसऱ्या डॉक्टरांनी दाब मोजला, दृष्टिक्षेत्र तपासले, थेंब बंद केले आणि सहा महिन्यांनी पुन्हा बोलावले आहे. त्या वेळी यंत्रापुढे कुणीही बसलेले असो, चष्म्याचा नंबर विचारल्याशिवाय मी चष्मा नाकावरून काढणार नाही.