सॅनिटायझर दारात, करोना आवाजात

२०२० चा आगमनकाळ (नाताळच्या तयारीचे आठवडे) सुरू झाल्यापासून एकच मेसेज मला सात ग्रुपवर आला. मजकूर थोडक्यात असा. १६ नोव्हेंबरला, पाडव्याच्या दिवशी, राज्यातली प्रार्थनास्थळं उघडली. आता बाक पुसले जातात, दारात सॅनिटायझर आहे, थर्मल गन आहे, म्हणजे चर्च बाजारापेक्षा सुरक्षित. चर्चमधून कुणाला लागण झाल्याचं ऐकिवात नाही. तेव्हा गायकवृंद, भरलेले बाक, मध्यरात्रीची मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना), सगळं पहिल्यासारखं करा. जे घाबरतात त्यांची श्रद्धा कमी. खाली बायबलमधलं स्तोत्र ९१ आणि जोडलेल्या हातांची तीन चित्रं.

मी वीसेक वर्षं वसईतल्या आमच्या चर्चमध्ये गायकवृंदात गातो. चर्च उघडावं म्हणून बोटं मोडत बसलेल्यांत मी पुढच्या रांगेत होतो. म्हणूनच हा मेसेज झोंबला. चर्चमध्ये परत जायची मागणी बरोबर आहे, तिच्यासाठी दिलेली कारणं जवळजवळ सगळी चुकीची आहेत.

बार आधी उघडले आणि चर्च शेवटी, हा रागाचा भाग आधी घेतो, कारण तो मला मान्य आहे. दारूची दुकानं मे महिन्यात उघडली, हॉटेलं आणि बार ५ ऑक्टोबरला, चर्च मात्र नोव्हेंबरच्या मध्यावर. केंद्राने ८ जूनपासूनच परवानगी दिली होती. मास्क काढून तासभर गप्पा मारत जेवणाऱ्यांपेक्षा गप्प बसून प्रार्थना करणारे जास्त धोकादायक, हे कुणी मला पटवू शकणार नाही. पण ‘त्यांना दिलं, मग आम्हालाही द्या’ हा न्यायाचा मुद्दा झाला, आरोग्याचा नव्हे. वाण्याच्या दुकानात आपण पाच मिनिटं असतो आणि साखर, तेल एवढंच बोलतो. मिस्सेला तासभर खांद्याला खांदा लावून बसतो आणि छाती भरून गातो. फरक तिथे आहे.

आता सॅनिटायझर. बाकाला हात लागून, तो हात नाकातोंडाला लागून आजार होऊच शकत नाही असं नाही. पण रोगाचा मोठा रस्ता तो नाही. तो माणसाच्या श्वासातून आणि आवाजातून जातो. जुलैमध्ये २३९ शास्त्रज्ञांनी जागतिक आरोग्य संघटनेला जाहीर पत्र लिहून हेच सांगितलं, आणि ऑक्टोबरमध्ये अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने मान्य केलं की बंद, कोंदट जागेत हे सूक्ष्म कण हवेत तरंगत राहून सहा फुटांपलीकडच्यालाही गाठू शकतात. बाक पुसून हवा पुसली जात नाही.

मला हे कळलं ते अमेरिकेतल्या एका गायकवृंदामुळे. वॉशिंग्टन राज्यातल्या स्कॅजिट व्हॅली कोराल या गटाचा १० मार्चला एका चर्चच्या हॉलमध्ये सराव होता. दारात सॅनिटायझर होतं. लोकांनी हस्तांदोलन टाळलं, मिठ्या टाळल्या. आपण आज जे करून निर्धास्त होतोय ते सगळं त्यांनी केलं होतं. मग ६१ जण अडीच तास गायले. त्यांतल्या ५३ जणांना करोना झाला, काहींचा तपासणीत सिद्ध, बाकीच्यांचा लक्षणांवरून, दोघं गेले. हे वाचलं त्या रात्री मी आमच्या सरावाची खोली डोळ्यांसमोर आणली. पेटी, पंखा, बंद खिडक्या, आणि माझ्या कानाशी गाणारे ऐंशीला टेकलेले आमचे सर्वांत जुने गायक.

मे महिन्यात फ्रँकफर्टच्या एका बॅप्टिस्ट चर्चमध्येही तसंच झालं. अंतर राखलं होतं, जंतुनाशक होतं, पण मंडळी मास्कशिवाय गायली. त्या उपासनेनंतर शंभराहून अधिक जण बाधित निघाले. आपल्या आरोग्य मंत्रालयाने ४ जूनच्या नियमावलीत गायकवृंद नको, हवं तर ध्वनिमुद्रित संगीत लावा असं लिहिलं, तेव्हा आमच्या ग्रुपवर ‘हिंदुस्थानात गाण्यावरही बंदी’ म्हणून ओरड झाली होती. ओरडणाऱ्यांत मीही होतो, हे इथे कबूल करून टाकतो.

‘चर्चमधून कुणाला लागण झाल्याचं ऐकिवात नाही’ याचं उत्तर वर आलंच, पण अजून एक उदाहरण हवं, कारण ते छोट्या गावातलं आहे, आपल्या पॅरिशसारखं, म्हणजे एका चर्चभोवतीच्या वस्तीसारखं. मार्चमध्ये अमेरिकेतल्या आर्कान्सासमधल्या एका चर्चमध्ये पाळक (तिथले धर्मगुरू) आणि त्यांच्या पत्नीला लागण झाली होती. त्या आठवड्यातल्या कार्यक्रमांना आलेल्या ९२ जणांपैकी ३५ जणांना करोना झाला, तिघं दगावले. मग रोग चर्चच्या कुंपणाबाहेर पडला. गावातले आणखी २६ जण आजारी पडले आणि त्यांतलाही एक गेला. तो माणूस चर्चला आलाही नव्हता. ‘आम्ही आमच्या जबाबदारीवर येतो’ म्हणणाऱ्यांनी या एका माणसाचा विचार करावा.

थर्मल गनबद्दल फार लिहीत नाही. ती ताप पकडते. ताप येण्याआधीच माणूस रोग देत फिरतो, आणि कित्येकांना ताप येतच नाही. शिवाय आमच्याकडे ती मनगटावर धरतात आणि उन्हातून आलेल्या माणसालाही ९४ दाखवते.

आता श्रद्धा. मरी तुझ्या तंबूजवळ येणार नाही, देवदूत तुला हातांवर झेलतील, हे स्तोत्र ९१ आम्ही लहानपणापासून म्हणत आलो. पण मेसेज लिहिणाऱ्याने मत्तयच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय उघडून बघावा. तिथे हेच स्तोत्र कोण म्हणून दाखवतं? सैतान. कुठे? मंदिराच्या शिखरावर. ‘उडी टाक, देवदूत झेलतील.’ येशूचं उत्तर सगळ्यांना ठाऊक आहे: देवाची परीक्षा पाहू नकोस. येशूने उडी टाकली नाही, म्हणून त्याची श्रद्धा कमी पडली असं आजवर तरी कुणी म्हटलेलं नाही.

संतांचाच दाखला हवा असेल तर मिलानचे आर्चबिशप कार्लो बोरोमेओ घ्या, ज्यांचा सण ४ नोव्हेंबरला असतो. १५७६ मध्ये मिलानमध्ये प्लेग आला. त्यांनी आधी मिरवणुका काढल्या, हेही खरं. पण लोकांना घराबाहेर पडायची बंदी झाली तेव्हा त्यांनी चौकाचौकांत वेदी उभारल्या, आणि लोक आपापल्या खिडकीतून, दारातून मिस्सेत सहभागी झाले. आपल्याकडेही १८९६ च्या प्लेगनंतर वांद्र्याच्या, गिरगावच्या गल्ल्यांत क्रूस उभे राहिले. त्यांतल्या कित्येकांसमोर आजही उघड्यावर रोझरी (माळेवरची प्रार्थना) होते.

ख्रिस्तप्रसाद (मिस्सेत मिळणारी पवित्र भाकर) जिभेऐवजी हातावर घेणं म्हणजे अपमान, असं मेसेजमध्ये जाता जाता म्हटलंय. चौथ्या शतकात जेरुसलेमचे संत सिरिल नवख्यांना शिकवत होते की डाव्या हाताचं सिंहासन करा आणि त्यावर उजवा हात ठेवून राजाला स्वीकारा. यापेक्षा आदराचं काय असतं? जिभेवर देताना फादरांची बोटं एका तोंडाजवळून दुसऱ्या तोंडाजवळ जातात, आणि मास्क खाली करून ‘आमेन’ म्हणणारा माणूस त्यांच्यापासून हातभर अंतरावर असतो. आमचे फादर साठीच्या पुढचे आहेत. त्यांचाही जीव मोजायला हवा.

आणखी एका मुद्द्यावर मेसेजशी मी शंभर टक्के सहमत. मोबाइलवरची मिस्सा ही मिस्सेची जागा घेऊ शकत नाही. मार्चमध्ये तेव्हाचे पोप फ्रान्सिस व्हॅटिकनच्या रिकाम्या चौकात, पावसात एकटे उभे होते ते पाहून मी रडलो, पण ते पाहणं होतं, जाणं नव्हे. व्हॅटिकनच्या उपासना विभागाचे तेव्हाचे प्रमुख कार्डिनल सारा यांनीही सप्टेंबरमध्ये प्रसिद्ध झालेल्या पत्रात लोकांनी शक्य होताच मिस्सेला परतावं असं लिहिलं. परत जायलाच हवं. इटलीतल्या बिशपांनी सरकारशी ७ मे रोजी लेखी करार केला आणि १८ मेपासून मास्क, अंतर, गायकवृंदाविना लोक मिस्सेला जाऊ लागले. त्यांनी बेफिकिरी न करता हे जमवलं.

मग आपण काय करायचं? माझं मत सांगतो, आणि ते गायकवृंदातल्या बऱ्याच जणांना आवडणार नाही. मिस्सा पस्तीस-चाळीस मिनिटांत संपवा. प्रवचन पाच मिनिटांचं करा (याला विरोध होईल असं वाटत नाही). वाड्यांच्या पाळ्या लावून मिस्सांची संख्या वाढवा, म्हणजे प्रत्येकीला माणसं कमी. गाणं एकट्याने, मास्क लावून, माळ्यावरून. उरलेल्यांनी ओठ मिटून मनात म्हणायचं. वाचन करणाऱ्याने माइकपाशी आल्यावर मास्क काढायचा नाही, बोलताना तर मास्कची खरी गरज. मिस्सा संपल्यावर फाटकापाशी घोळका नको, आणि तिथून कुणाच्या घरी चहाला तर अजिबात नको, कारण तिथे सगळेच मास्क काढतात.

नाताळच्या रात्रीसाठी आपल्याकडे इटलीपेक्षा मोठी सोय आहे. डिसेंबरात इथे पाऊस नाही, मैदान आहे, आणि मैदानातल्या मिस्सेची आपल्याला आधीपासून सवय आहे. सहा फुटांवर खुर्च्या मांडल्या तर आत मावतात त्याहून जास्त माणसं बाहेर बसतील. सत्तरीच्या पुढच्यांनी या वर्षी घरीच बसावं हे मला सांगवत नाही. माझी आई त्यात येते. तिला मी गर्दी नसलेल्या दिवशी, आठवड्यातल्या सकाळच्या मिस्सेला नेणार आहे, आणि मागच्या दारापाशी बसवणार आहे.

रविवारच्या मिस्सा आतच होणार, आणि आमच्या चर्चच्या उत्तरेकडच्या पाच खिडक्या गंजून अडकल्यात. निदान दोन पावसाळे त्या कुणी उघडलेल्या नाहीत. सॅनिटायझरच्या पुढच्या कॅनसाठी वर्गणी निघाली आहे म्हणे. त्या पैशांतून तेलाची बाटली आणि दोन-चार बिजागऱ्या आणता येतील. शनिवारी चार वाजता मी शिडी घेऊन तिथे असेन, शिडी धरायला एक माणूस हवा आहे.