‘छान आहे’ म्हणाल तर खबरदार

मित्राने पेन्सिलने काढलेलं निसर्गचित्र समोर धरलं आणि मी ‘वा, छान!’ म्हणून मोकळा झालो.

‘छान म्हणजे नेमकं काय छान?’

आता आली का पंचाईत! तोंडी परीक्षेला उभं केल्यासारखा मी चित्र निरखू लागलो. डोंगर होते, झाडं होती, पाणी होतं. तसं त्याला सांगितलंही. ‘ते दिसतंय,’ तो म्हणाला.

‘ढग फार सुंदर काढलेस,’ मी चाचपडलो.

‘तिथे पेन्सिल टेकवलेलीच नाही. तो कोरा कागद आहे.’

भोवतालचं आभाळ करडं केलं की उरलेला कागद ढग होतो म्हणे. म्हणजे मी दाद दिली ती नेमकी त्याने न केलेल्या कामाला.

मग शिकवणीच लागली. शिसपेन्सिलीत शिसं नसतं, ग्रॅफाइट असतं. (इतकी वर्षं हे नाव खुशाल घेतोय आपण!) ग्रॅफाइटची पूड चिकणमातीत कालवून भाजायची युक्ती फ्रान्सच्या काँतेची, १७९५ची. माती जास्त तर पेन्सिल कडक नि फिकी, ती एच. माती कमी तर मऊ नि काळी, ती बी. म्हणून लांबचे डोंगर २एचने, मधली झाडी एचबीने, पुढचा बुंधा ६बीने. मधल्या हवेमुळे लांबचं फिकट दिसतं ना, म्हणून. शाळेत मी सगळं एकाच पेन्सिलीने, एकाच जोराने गिरवायचो. माझे डोंगर कायम घराच्या अंगावर आलेले असत.

‘आणि हा खडक बघ. कागदाला दाणा असतो. पेन्सिल आडवी धरून हलकेच फिरवली की ती उंचवट्यांवरच लागते, खळगे पांढरे राहतात. खडबडीतपणा फुकटात! बोट लावून बघ कागदाला.’

मी लावलं.

‘चित्राला नाही रे, कोपऱ्याला!’

माझं बोट करडं झालं होतं आणि खडकावर धुकं उतरलं होतं. तो कणकेसारखं मळून वापरायचं खोडरबर घेऊन धावला. तेवढ्यात नुकसान किती ते पाहायला मी चित्र खिडकीकडे तिरपं केलं, तर ६बीचा काळाभोर बुंधा आरशासारखा चमकून गायबच झाला.

‘अरे, झाड गेलं!’ मी ओरडलो.

मित्र थबकला. ‘ग्रॅफाइटची चकाकी... दाबून थर दिले की होतं असं. फारसं कुणाच्या लक्षात येत नाही हे.’ त्याच्या डोळ्यांत माझ्याविषयी चक्क आदर होता.

‘थांब हं,’ म्हणत तो आत गेला आणि दोन्ही हातांत मावेना एवढी फाईल घेऊन आला.