खिडकी

भाचा एमबीए करतोय. आज जेवायला आला होता, आमटीभात कालवता कालवता त्याने केस स्टडी ऐकवली. एआयजी ही अमेरिकन विमा कंपनी चीनमध्ये कशी शिरली. "मामा, चिकाटी बघा! कंपनीचे प्रमुख ग्रीनबर्ग १९७५ साली पहिल्यांदा चीनला गेले आणि शांघायचा परवाना मिळाला १९९२ साली. सतरा वर्षं!"

माझा घास अडकला. शेजारी आई जेवत होती.

बाबा गेल्यावर आईने एका विमा कंपनीत सात महिने खेपा घातल्या. कापडी पिशवीत मृत्यूचा दाखला, पॉलिसी, रद्द केलेला चेक. खिडकी नंबर चार. कारण काय, तर नॉमिनी बदलाच्या फॉर्मवरची बाबांची सही जुळत नाही. अर्धांगाने हात थरथरणाऱ्या माणसाची सही जुळेल कशी हो?

कंपनी वेगळी, देश वेगळा, कळतं मला. पण डोकं फिरलंच.

कारण भाच्याच्या गोष्टीतही खिडक्याच होत्या! बीजिंगच्या समर पॅलेसमधून परदेशी गेलेल्या ब्राँझच्या दहा खिडक्या ग्रीनबर्गच्या वर्तुळातल्या स्टार फाउंडेशनने विकत घेतल्या आणि १९९३ साली चीनला परत केल्या. शांघायच्या महापौरांच्या सल्लागार मंडळाचं अध्यक्षपदही साहेबांनी सांभाळलं. दारात उभं असताना केवढी ही नम्रता! आणि खिडकी नंबर चारवर? "उद्या या, साहेब नाहीत."

बरं, चीनही काही भोळा नव्हता. इतर परदेशी आयुर्विमा कंपन्यांना चीनमधल्या कंपनीत निम्म्यावर हिस्सा मिळत नव्हता, शंभर टक्क्यांची मुभा २०२० साली आली. शिवाय एआयजी जन्मली शांघायमध्येच, १९१९ साली, म्हणजे ती आपल्याच गावी परत येत होती. दारोदार फिरणारे एजंट तिने तिथे आणले, पोरापोरींना काम मिळालं. मान्य.

आपल्याकडेही तेच चाललंय. परदेशी हिस्सा आधी २६ टक्के, मग ४९, मग २०२१ साली ७४, आणि २०२५ च्या कायद्यात थेट शंभर. कुणाचा हिस्सा किती, यावर रात्र रात्र चर्चा. म्हातारीला खेपा किती, हे कोण विचारतं?

एवढं सगळं मी त्या पोराला ऐकवलं. बिचारा गप्प झाला. मग आठवलं, तेव्हा हाच शाळा बुडवून आजीबरोबर रिक्षाने जायचा, पिशवी मांडीवर घेऊन. उगाच ओरडलो.

थोड्या वेळाने त्याने हळूच विचारलं, "आजी, शेवटी पैसे मिळाले ना गं?"

"मिळाले की. ताक घे."