पिकाचूच्या नाण्यावर न्युएत भाजी मिळत नाही

‘जगात एका देशाचं चलन पिकाचू आहे. दुकानात स्टार वॉर्सचं नाणं द्या, भाजी घ्या!’ हा फॉरवर्ड अधूनमधून पुन्हा डोकं वर काढतो. सोबत न्युए या छोट्या बेटाच्या नाण्यांचे फोटो: कुठे पोकेमॉन या कार्टूनमधला पिकाचू, कुठे स्टार वॉर्स चित्रपटांतली पात्रं. फोटो खरे आहेत, मजकूर खोटा.

मुळात न्युएत व्यवहार चालतो तो न्यूझीलंडच्या डॉलरमध्ये. दक्षिण प्रशांत महासागरातलं हे २६० चौरस किलोमीटरचं बेट १९७४ पासून स्वतःचा कारभार पाहतं, पण न्यूझीलंडशी जोडलेलं आहे. लोकही न्यूझीलंडचेच नागरिक. राजधानी अलोफीत पाच डॉलरची नोट मोडली, तर तिच्यावर एडमंड हिलरी दिसतो, आपल्या शाळेच्या पुस्तकातला एव्हरेस्टवीर. सुट्ट्यात डॉलरच्या नाण्यावर किवी पक्षी, दोन डॉलरच्या नाण्यावर पांढरा बगळा. पिकाचू कुठेच नाही.

मग त्या नाण्यांवर न्युएचं नाव कसं? ती संग्राहकांसाठी पाडलेली असतात. २००१ मध्ये पोकेमॉन आले, २०११ मध्ये स्टार वॉर्स. नाणी पाडते दुसऱ्या देशातली टांकसाळ. न्युए सरकार नाव वापरू देतं आणि त्याची रॉयल्टी घेतं.

‘पण ती कायदेशीर चलन आहेत ना?’ हो, कागदोपत्री आहेत, आणि गोंधळ इथेच होतो. एक औंस, म्हणजे सुमारे ३१ ग्रॅम चांदीच्या नाण्यावर किंमत छापलेली असते दोन डॉलर. नुसती चांदीच त्याच्या कितीतरी पट महाग. ते देऊन दोन डॉलरची भाजी कोण घेईल? आपल्याकडेही २०२३ मध्ये नव्या संसद भवनानिमित्त ७५ रुपयांचं नाणं निघालं. टांकसाळीने ते हजारो रुपयांना विकलं. म्हणून भारतात ७५ च्या नाण्यावर कोथिंबीर मिळते, असं कुणी म्हणत नाही.

सगळ्यात खटकते ती फॉरवर्डखालची ‘कार्टून देश’ ही टवाळी. न्युएची वस्ती जेमतेम १,७००. त्याच्या कित्येक पट न्युएकर न्यूझीलंडमध्ये राहतात. जानेवारी २००४ मध्ये हेटा चक्रीवादळाने अलोफीची वाताहत केली, रुग्णालयसुद्धा उरलं नाही. एवढ्याशा बेटावर कर भरणारे किती आणि निर्यात करणार तरी काय? अशा सरकारने स्वतःच्या नावाचा परवाना देऊन तिजोरीत चार पैसे आणले, तर तो शहाणपणाचा व्यवहार आहे. टपाल तिकिटंही न्युए जगभरच्या संग्राहकांना विकतं, त्यावर मात्र कुणी हसत नाही.