अरुंद हँडलवर जीपीएस बसत नाही, हे खरं नाही

इंदूरच्या सायकलवाल्यांमध्ये जीपीएस कॉम्प्युटरविषयी, म्हणजे वेग, अंतर आणि नकाशावरची रेघ दाखवणाऱ्या छोट्या यंत्राविषयी, एक सल्ला सध्या तोंडोतोंडी फिरतो आहे: "चाळीस सेंटीमीटरपेक्षा अरुंद हँडलवर जीपीएस कॉम्प्युटर लावू नका. जागा पुरत नाही, क्लॅम्प फिरतो, लोखंडाजवळ सिग्नल मिळत नाही आणि पुढे काढलेल्या माउंटनं हँडल डगमगतं. लावायचाच असेल तर वरच्या दांड्यावर रबरानं बांधा, नाहीतर सरळ 42 चं हँडल घ्या." (माउंट म्हणजे यंत्र धरणारा आधार, क्लॅम्प म्हणजे नळीवर आवळून बसणारी त्याची पकड आणि वरचा दांडा म्हणजे सीट आणि हँडल यांच्यामधली सांगाड्याची वरची नळी.) सुपर कॉरिडॉरच्या रस्त्यावर पहाटे भेटणारी मंडळी तो एकमेकांना सांगतात आणि नवी सायकल घेणारा तोच मनात धरून दुकानात जातो. यातलं शेवटचं वाक्य सगळ्यात जास्त नुकसान करतं, म्हणून आधी ते.

हँडलची रुंदी खांद्यांवरून ठरते. ज्याचे खांदे अरुंद आहेत त्याला 42 चं हँडल दिलं की हात फाकतात, मान आखडते आणि तास-दीड तासानं पाठीच्या वरच्या भागात कळ येते. याचा त्रास मुलींना आणि लहान चणीच्या माणसांना सगळ्यात जास्त होतो आणि हा सल्लाही नेमका त्यांनाच दिला जातो. माझ्या भाचीला एका दुकानात हेच ऐकवलं. तिचं 38 चं हँडल तिला मापात बसलेलं, सिमरोलचा घाट ती त्यावर आरामात चढते. "मामा, बदलून घेऊ का?" म्हणाली. मी म्हटलं, "बदलू नकोस. आधी दोरा आणि पट्टी आण."

दोऱ्यानं काय कळतं? क्लॅम्पला हँडलच्या रुंदीशी काही देणंघेणं नाही. त्याला हवी असते नळीची जाडी, तीही स्टेमच्या, म्हणजे हँडल सायकलला जोडणाऱ्या आखूड तुकड्याच्या, अगदी शेजारची. दोरा तिथे एक वेढा घट्ट गुंडाळायचा, जुळलेल्या जागी खूण करायची आणि पट्टीवर मोजायचा. दहा सेंटीमीटर भरला तर नळी 31.8 मिलिमीटरची. आजच्या बहुतेक रेसिंग सायकलींना मध्यभागी हीच जाडी असते, मग हँडल 36 चं असो की 44 चं. आठ सेंटीमीटरच्या आसपास भरला तर नळी 25.4 किंवा 26 ची, म्हणजे जुन्या सायकलींचं माप. सात भरला तर 22.2 ची. साध्या सायकलच्या हँडलला मुठीजवळ हेच माप असतं. भाचीच्या हँडलवर दोरा बरोबर दहा सेंटीमीटर भरला. ती ज्या 42 च्या हँडलसाठी पैसे मोजायला निघाली होती, त्याचीही मधली जाडी तीच होती.

"जागा पुरत नाही" याचं उत्तर यातच आलं. पुढे येणाऱ्या माउंटचा क्लॅम्प नळीवर जेमतेम बोटभर जागा घेतो आणि यंत्र स्टेमच्या पुढे रिकाम्या जागेत येतं. गर्दी होते ती घंटी, दिवा आणि मोबाइलचा पकडा हे सगळं एका रांगेत मांडल्यावर. त्यावर उपाय म्हणजे खाली दिवा लावता येईल असा माउंट घ्यायचा आणि घंटी ब्रेकच्या लिव्हरजवळ सरकवायची. घंटी काढून टाकायचा विचार मात्र कुणी करू नये, पलासियाच्या चौकात तिच्याशिवाय चालणार नाही.

"क्लॅम्प फिरतो" ही तक्रार खोटी नाही, पण कारण चुकीचं सांगितलं जातं. बऱ्याच हँडलांची नळी स्टेमजवळ जाड असते आणि बाहेर जाताना निमुळती होत जाते. अरुंद हँडलवर हा उतार लवकर सुरू होऊ शकतो. क्लॅम्प त्या उतारावर बसला की खड्ड्याखड्ड्याला बारीक बाजूकडे सरकतो आणि सैल होतो. मग माणूस बोल्ट आणखी आवळतो. ॲल्युमिनियमवर बहुधा ओरखडाच उठेल, पण कार्बनच्या नळीला आतून तडा जाऊ शकतो आणि तो डोळ्यांना दिसतही नाही. म्हणून क्लॅम्प स्टेमला चिकटून, जाड भागावर बसवावा. माउंटसोबत येणारा कागद वाचून तिथे दिला असेल तेवढाच टॉर्क (आवळण्याचा जोर) द्यावा. नळी बारीक असेल तर पाकिटात आलेली प्लास्टिकची चकती आत घालावी. ती हरवली असेल तर पंक्चरवाल्याकडून जुन्या ट्यूबचा तुकडा आणावा, नळीभोवती एकच वेढा येईल एवढा कापावा आणि त्यावर क्लॅम्प बसवावा. ट्यूबचं रबर नळी धरून ठेवतं. कागदाच्या घड्या किंवा सेलोटेप घालू नये, पहिल्या पावसात त्याचा चिखल होतो.

बोल्ट शेवटचा आवळण्याआधी हँडल डावीकडे-उजवीकडे पूर्ण वळवून पाहावं. ब्रेकच्या केबली माउंटच्या दांडीला अडकत असतील तर तेव्हाच कळतं. अरुंद हँडलवर केबली जवळजवळ येतात, त्यामुळे हे पाहणं फार गरजेचं आहे. त्या सल्ल्यात याचा उल्लेखही नाही.

सिग्नलचं सांगायचं तर जीपीएसचे उपग्रह सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि यंत्राला फक्त वरचं आभाळ मोकळं हवं असतं. नळी यंत्राच्या खाली असते, मग ती लोखंडाची असो की कार्बनची. खालच्या धातूनं वरचा सिग्नल अडत नाही. सराफ्याच्या गल्लीतून जाताना नकाशावरची रेघ नागमोडी होते, कारण दोन्ही बाजूंच्या उंच घरांच्या भिंतींवर आदळून सिग्नल उशिरा पोचतो. घाटात एका बाजूला डोंगर आला की तेच होतं. हँडल बदलून यातलं काहीच सुधारणार नाही. वेग अचूक हवा असेल तर चाकाच्या हबवर, म्हणजे मधल्या भागावर, सेन्सर लावा. रबर किंवा टेप लावताना मात्र एक गोष्ट जरूर सांभाळा: हवेच्या दाबावरून उंची मोजणाऱ्या यंत्रांना एक बारीक छिद्र असतं, ते झाकलं जाऊ देऊ नका. ते बुजलं तर 854 मीटरच्या जानापावाच्या डोंगरावर चढूनही पडद्यावर भलताच आकडा दिसेल.

"हँडल डगमगतं" या मुद्द्यात थोडं तथ्य आहे. 38 चं हँडल वळवताना 42 च्या मानानं तरफेचा जोर साधारण दहावा हिस्सा कमी मिळतो, त्यामुळे पुढे लटकलेलं वजन हाताला थोडं जास्त जाणवतं. पण 2.6 इंची पडद्याचं यंत्र शंभर ग्रॅमच्याही आत असतं, एवढ्यानं काही बिघडत नाही. त्याच दांडीवर दोनशे ग्रॅमचा मोबाइल आणि खाली जड दिवा टांगला तर दांडी थरथरते आणि हळूहळू खाली झुकते. तेव्हा तक्रार वजनाची करावी. काही जण इथे आंतरराष्ट्रीय संघटना यूसीआयचा नियम पुढे करतात. 2026 पासून रस्त्यावरच्या शर्यतींत हँडलची किमान रुंदी 400 मिलिमीटर ठरली आहे खरी, पण तो नियम शर्यतीतल्या सायकलींचा आहे, कॉम्प्युटरचा त्यात संबंध नाही. शिवाय ते माप बाहेरून बाहेर घेतात. दुकानात ज्याला 38 म्हणतात ते बहुधा नळीच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं असतं, म्हणजे बाहेरून ते चाळीसच्या वर भरतं.

राहिला वरच्या दांड्यावर बांधायचा सल्ला. तो धोक्याचा आहे. ताशी 25 किलोमीटर वेगानं सायकल सेकंदाला जवळपास सात मीटर जाते. दांड्यावरचा आकडा वाचायला मान पूर्ण खाली घालावी लागते. दोन सेकंद लागले तरी चौदा मीटर रस्ता न बघता गेला. बायपासवर तेवढ्यात समोर ट्रॅक्टरची ट्रॉली थांबलेली असू शकते. यंत्र स्टेमच्या पुढे असेल तर नुसती नजर खाली केली तरी आकडा दिसतो आणि रस्ताही डोळ्यांसमोर राहतो.

स्टेमवर रबरानं बांधणं मात्र वाईट नाही. यंत्रासोबत ते बसवायचा तळ आणि दोन मापांची रबरं मिळतात, बऱ्याच जणांचं काम त्यावर भागतं. स्टेम आखूड असेल तर यंत्र पुढच्या बोल्टांवर टेकून हलतं, तिथे ते नको. माळव्यातल्या मे महिन्यात सायकल उन्हात उभी राहिली की ही रबरं सुकतात. बोटावर ताणून पाहिलं की बारीक चिरा दिसतात, दिसल्या की त्याच दिवशी बदलायची. यंत्रासोबत दोरी आली असेल तर यंत्र निसटून पडू नये म्हणून ती हँडलला बांधून ठेवावी. हेडसेटच्या टोपीवर (स्टेमच्या वरच्या झाकणावर) बसणारा माउंट जुन्या, उभ्या दांड्याच्या स्टेमला बसत नाही, तो घेऊन पैसे घालवू नका.

गोल नळीच नसलेली, पंख्याच्या पात्यासारखी चपटी हँडलं असतात, त्यांच्यावर कोणताही क्लॅम्प चालणार नाही. त्यांना स्टेमच्या पुढच्या झाकणाच्या बोल्टांवर बसणारा माउंट लागतो आणि तो त्या स्टेमच्या मापाचा आहे ना, हे विचारूनच घ्यावा लागतो.