सी. रामचंद्र म्हणजे नुसतं ‘ईना मीना डिका’ नव्हे

काल घरच्या ग्रुपवर आत्याने एक फॉरवर्ड टाकला. हिंदी चित्रपटांचे संगीतकार सी. रामचंद्र यांनी म्हणे परदेशी चाली उचलल्या, काम गोव्याच्या सहायकांनी केलं, रागदारीचा त्यांना गंध नव्हता आणि नाव झालं ते अर्थहीन गाण्यांवर. खाली तिचा प्रश्न: ‘खरं का रे हे?’

आत्या, रागदारीचं वाचून तर डोकंच फिरलं. पुणतांब्याचे हे रामचंद्र नरहर चितळकर शास्त्रीय गायक विनायकबुवा पटवर्धनांकडे गाणं शिकलेले. ‘अनारकली’तलं (1953) ‘जाग दर्द-ए-इश्क जाग’ आणि ‘आझाद’मधलं (1955) ‘राधा ना बोले ना बोले’ लागोपाठ लाव. दोन्हीकडे राग बागेश्रीच. पण पहिल्यात रात्रभर जागलेली व्याकुळता, दुसऱ्यात थिरकता रुसवा. राग अंगात मुरल्याशिवाय हे जमतं का? आणि आम्हाला थोपटताना तू म्हणायचीस ते ‘धीरे से आजा री अँखियन में’? ते ‘अलबेला’तलं, 1951 सालचं. त्याच चित्रपटात ‘शोला जो भडके’ आहे, आणि ते लताबाईंबरोबर ‘चितळकर’ या नावाने त्यांनी स्वतः गायलंय. अंगाई आणि धांगडधिंगा, दोन्ही एकाच माणसाचं.

उचलेगिरीचं म्हणशील तर ‘गोरे गोरे, ओ बांके छोरे’वर अमेरिकी चित्रपटातल्या ‘चिको चिको’ची छाप आहे, हे कबूल. पण तेवढ्यावरून सगळी कारकीर्द चोरीची ठरवायची?

सहायकांचा वाटाही मोठाच, पण त्यात लपवाछपवी कसली? त्यांचे सहायक, ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट तर आपल्या बँडसकट ‘अलबेला’त पडद्यावर दिसतात.

राहिलं ‘ईना मीना डिका’ (‘आशा’, 1957). बाहेर खेळणाऱ्या मुलांचं ‘ईनी मीनी मायनी मो’ ऐकून ते सुचलं असं सांगतात. सहायक जॉन गोम्स गोव्याचे, त्यांनी त्यात ‘माका नाका’ घातलं, म्हणजे कोकणीत ‘मला नको’. शब्द गमतीचे आहेतच. पण किशोरकुमारांच्या आवाजात नीट ऐक, एक अक्षर मागेपुढे झालं तरी सगळा डोलारा कोसळेल. असलं गाणं बांधायला लयीवर हुकमत लागते.

आणि 27 जानेवारी 1963चा फॉरवर्डमध्ये उल्लेखच नाही. त्या दिवशी दिल्लीत पंडित नेहरूंसमोर लताबाईंनी कवी प्रदीपांचं ‘ऐ मेरे वतन के लोगों’ गायलं. त्याची चाल याच माणसाची.

तू तो फॉरवर्ड भजनी मंडळात पाठवला असशील, तर हेही तिथे पाठव.